एचआरने दिलेली यादी आधी परत करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पीएचडीसाठी फॅशन उद्योगातल्या कामगारांचे अनुभव अभ्यासायचे आहेत. विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी हातात आहे. एका तयार कपड्यांच्या फॅक्टरीच्या एचआरने वीस कामगारांची यादी दिलीय आणि मुलाखतींसाठी कॅन्टीनमागची खोली द्यायचं कबूल केलंय. यादीत दहा बायका, दहा पुरुष. एवढ्याने अभ्यास नैतिक आणि सर्वसमावेशक होतो का, मानधन द्यावं की देऊ नये, आणि कुणी काही गंभीर सांगितलं तर काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

समितीच्या मंजुरीने विद्यापीठाची काळजी मिटली. कामगाराची काळजी अजून कुणी वाहिलेली नाही. या कामात मी आधी एकच हिशेब मांडते: माझ्याशी बोलल्याची किंमत कोण मोजणार आणि किती? तुम्हाला पदवी मिळेल, लेख छापून येतील. तिची मात्र नोकरी जाऊ शकते, ओव्हरटाइम बंद होऊ शकतो, हातात बसलेलं काम काढून अवघड मशिनीवर टाकलं जाऊ शकतं. हा हिशेब प्रामाणिकपणे मांडला की तुमच्या बऱ्याचशा प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात.

आता ती यादी. शिलाईच्या लाइनमध्ये एक शर्ट कित्येक हातांतून पुढे सरकतो. कुणी कॉलर लावतं, कुणी बाही, कुणी नुसती काजं करतं. मधली एक बाई अर्ध्या तासासाठी उठून गेली की तिच्या मशिनीपाशी माल तुंबतो, पुढची रिकामी बसते आणि तासाचं टार्गेट लिहिलेल्या फळ्यावर आकडा घसरतो. ती कुठे गेली, किती वेळ गेली, परत आली तेव्हा तिचा चेहरा कसा होता, हे अख्ख्या मजल्याला दिसतं. सुट्टी व्हायच्या वेळी सुपरवायझर सहज विचारल्यासारखं विचारतो, 'काय काय विचारलं गं बाईंनी?' त्याला काय सांगायचं हे तिने खोलीत शिरतानाच ठरवलेलं असतं, आणि तेच उत्तर ती आधी तुम्हाला देऊन मोकळी होते.

शिवाय त्या यादीत कोण असतं तेही बघा. ब्रँडच्या ऑडिटला, म्हणजे कामाच्या परिस्थितीच्या तपासणीला, वर्षानुवर्षं तोंड दिलेल्या कारखान्यांत मुलाखतीला बसवायची माणसं तयारच असतात. आठवड्याला किती तास काम, सुट्टी मिळते का, पगार वेळेवर होतो का, सगळं पाठ. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कारखान्याला ११ सप्टेंबर २०१२ रोजी आग लागून २५० हून अधिक माणसं गेली. त्याच्या काही आठवडे आधीच त्या कारखान्याला एसए ८००० हे कामाच्या चांगल्या परिस्थितीचं प्रमाणपत्र मिळालं होतं. ढाक्याजवळच्या सावर इथली राणा प्लाझा ही इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि १,१३४ जणांचा जीव गेला. तिथल्याही काही कारखान्यांची ऑडिट झालेली होती. आदल्या दिवशी इमारतीला पडलेल्या भेगा लोकांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद झाली, वरच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं गेलं. आत जायला ते घाबरत होते. म्हणजे इमारत धोक्याची आहे ही माहिती कामगारांपाशी होती. ती त्यांना नोकरी न गमावता बोलता येईल अशी जागा कुठे नव्हती. तुमच्या अभ्यासाने निदान तेवढी जागा द्यायला हवी, आणि कॅन्टीनमागच्या खोलीत ती मिळणार नाही.

मग कामगार भेटणार कुठे? कारखान्याच्या फाटकावर तर मुळीच उभं राहू नका, तिथे वॉचमनपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळ्यांची नजर असते. कंपनीचं वसतिगृह असेल तर तेही कारखान्याचंच दुसरं अंग समजा. कामगार संघटना, बायकांचे बचतगट, कामगारांना कायदेशीर मदत देणारी केंद्रं, पाळणाघरं, वस्तीतला दवाखाना, आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे नोकरी सोडलेले जुने कामगार, इथून सुरुवात होते. एकीने दुसरीचं नाव सुचवायचं, दुसरीने तिसरीचं, ही पद्धत चांगली आहे, पण सुरुवात एकाच माणसापासून केली तर तुम्ही एकाच गावच्या, एकाच भाषेच्या, एकाच गोटातल्या लोकांत फिरत राहता. चार-पाच वेगवेगळ्या दारांतून आत शिरा. संघटनाही दारवानच असते हे विसरू नका. ती तिची सगळ्यात बोलकी, सगळ्यात तावून सुलाखून निघालेली माणसं पुढे करणार. त्यांना जरूर भेटा, मात्र संघटनेत कधीच न गेलेल्यांपर्यंत पोचायची वेगळी सोय करा.

कारखाना आतून बघणं तुमच्या विषयाला गरजेचं असेल तर बघा. व्यवस्थापनाशीही बोला, फक्त शक्यतो कामगारांच्या मुलाखती आटोपल्यावर आणि वेगवेगळ्या कारखान्यांत. एकाच ठिकाणी दोन्ही करावं लागलं तर स्वतःच्या जिभेवर लक्ष ठेवा. 'तिसऱ्या मजल्यावर टॉयलेटला जायला टोकन लागतं म्हणे?' एवढा एक प्रश्न मॅनेजरला विचारलात की तिसऱ्या मजल्यावरचं कुणीतरी तुमच्याशी बोललंय हे त्याला कळलं. कोण बोललं ते शोधायला त्याला फार वेळ लागत नाही.

संमतिपत्राचा प्रकार विचित्र आहे. तुमच्या सगळ्या कागदांत कामगाराचं खरं नाव आणि सही असलेला तो एकच कागद असतो, आणि तिच्या रक्षणासाठी म्हणून आपण तोच तयार करतो. जिथे मुख्य धोका ओळख फुटण्याचा आहे आणि माणसाला अभ्यासाशी जोडणारा दुसरा कुठलाच पुरावा नाही, तिथे सहीची अट माफ करता येते. अमेरिकेच्या संशोधनविषयक नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे आणि इतरत्रही समित्या कारण पटलं तर तोंडी संमती मान्य करतात. तुमची समिती मंजुरी देऊन बसली असली तरी सुधारित अर्ज करा. अर्जात 'सही नको' एवढंच लिहून भागत नाही. तोंडी काय सांगणार ते शब्दशः जोडा, आणि संमती मिळाल्याची नोंद नावाशिवाय कशी ठेवणार तेही.

ती तोंडी माहिती दोन मिनिटांत सांगता आली पाहिजे. मी कोण, पैसे कुणाचे, हे कशासाठी, यातून तुला काय मिळणार नाही. हे शेवटचं आवर्जून सांगा. समोरच्या बाईला मनात कुठेतरी वाटत असतं की बाईंनी लिहिलं की पगार वाढेल. नाही वाढणार, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. 'केव्हाही माघार घेता येईल' असं तोंडभरून म्हणू नका, कारण प्रबंध छापून झाल्यावर येणार नाही. कुठल्या तारखेपर्यंत येईल ते सांगा आणि कळवायचं कसं तेही. आणि संमती एकदाच घेऊन फाइलला लावायची वस्तू समजू नका. गोष्ट नाजूक वळणावर आली की थांबून विचारायचं, 'हे लिहू का, की आपल्या दोघींतच ठेवू?' बोलणं संपल्यावर पुन्हा एकदा. भरात माणूस जे बोलून जातो ते दुसऱ्या दिवशी नको वाटू शकतं.

मानधन द्या. यावर पुष्कळ काथ्याकूट होतो की पैसे दिले तर गरीब माणूस पैशासाठी बोलेल. अहो, पगारी प्राध्यापक, पगारी संशोधक, पगारी दुभाषी आणि त्या खोलीत फुकट बसलेली एकच व्यक्ती, जिच्या माहितीवर सगळं उभं आहे, यात नैतिक काय आहे? रक्कम ठरवताना तिचा वेळ खरोखर कितीला पडतो ते बघा. अनेक कारखान्यांत महिनाभर एकही खाडा न करणाऱ्याला हजेरी बोनस असतो. एका दिवसाचा खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी जाते आणि महिन्याचा बोनसही. कामाच्या दिवशी बोलावणं म्हणूनच महागात पडतं, तिला. नगावर मजुरी मिळणारीचा हिशेब आणखी वेगळा, तिथे तास म्हणजे नग. सुट्टीच्या दिवशी भेटायचं तर तिचा आठवड्यातला एकमेव मोकळा वेळ तुम्ही घेताय, ज्यात धुणं, बाजार आणि पोरांचा अभ्यास उरकायचा असतो. प्रवासखर्च आणि मुलं सांभाळायची सोय वेगळी धरा. सगळ्यांना सारखा दर, आधी सांगितलेला, आणि मुलाखत अर्ध्यात सोडली तरी पूर्ण. देण्याची रीतही विचारून घ्या. मोबाइलवर पाठवलेल्या पैशांबरोबर तुमचं नाव तिच्या फोनवर जातं, आणि तो फोन घरात आणखी कोण कोण बघतं हे तिलाच माहीत.

आता 'सर्वसमावेशक'. दहा बायका आणि दहा पुरुष ही बेरीज आहे, समावेश नाही. कारखान्याच्या आत तुम्हाला भेटतात ते टिकलेले लोक. टार्गेट झेपलं नाही म्हणून गेलेली, गरोदरपणात काढलेली, डोळे अधू झाल्यावर सुईत दोरा ओवता येईना म्हणून घरी बसलेली, तक्रार केली म्हणून बाहेर पडलेली, या सगळ्या यादीबाहेर. नेमके ज्यांचे अनुभव तुम्हाला हवेत तेच गाळून झाल्यावर नमुना तुमच्या हाती येतो. म्हणून गेल्या दोन-तीन वर्षांत काम सोडलेल्यांचा एक गट मुद्दाम ठेवा.

मग लाइनवरची उतरंड बघा. मशीन चालवणारी सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असते. धागे कापणारी हेल्पर, इस्त्रीवाला, माल चढवणारा, ठेकेदारामार्फत आलेला, शिकाऊ म्हणून कमी पगारावर ठेवलेला, दुसऱ्या प्रांतातून आलेला आणि इथली भाषा न येणारा, यांना मोजतच नाहीत. कर्णबधिर कामगार अनेक शिलाई कारखान्यांत असतात. त्यांच्याशी बोलायचं तर सांकेतिक भाषेचा दुभाषी लागेल, त्याचा खर्च अर्जातच धरा. तृतीयपंथी कामगारांना 'पुरुष की स्त्री' अशा दोनच चौकटी असलेला फॉर्म पुढे केलात तर ते तिथल्या तिथे गप्प होतात. आणि सुपरवायझरना वगळू नका. वरून टार्गेट आणि खालून थकलेली माणसं यांच्यात ते पिळून निघतात, आणि शिवीगाळ कुठून सुरू होते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही, पण माझं मत पक्कं आहे.

कारखान्याच्या भिंतीबाहेरही उद्योग आहे. मणी-टिकल्या लावणं, भरतकाम, काजं-बटणं, धागे कापणं ही कामं घरी आणून करणाऱ्या बायका असतात. घरून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला, पण तो फार थोड्या देशांनी स्वीकारला. त्यामुळे या बायका बहुतेक ठिकाणी कुठल्याच हजेरीपटावर नसतात. कित्येक जणी स्वतःला कामगार म्हणवतही नाहीत. 'तुम्ही काय काम करता?' विचारलं तर 'काही नाही, घरीच असते' म्हणतात, आणि हातातली सुई चालूच असते. त्यांना विचारायचं ते असं: हा माल कोण आणून देतं, किती नग झाले, घरात आणखी कोण हात लावतं, आणि माल नापास झाला तर पैसे कोण भरतं.

'फॅशन उद्योग' हा शब्द शीर्षकात ठेवायचा असेल तर मॉडेल, शिकाऊ डिझायनर, दुकानातले विक्रेते आणि जुने कपडे निवडणारेही आले. एवढं पेलवणार नसेल तर शीर्षक लहान करा, त्यात काही कमीपणा नाही. मॉडेलांचा एक मुद्दा मात्र सांगायला हवा, कारण तिथे सगळी गणितं उलटतात. शिलाई कामगार गर्दीत लपू शकते, मॉडेलचा चेहरा हेच तिचं काम. एखाद्या शोचं शहर आणि महिना लिहिलात तरी ती ओळखू येते. बऱ्याच जणी एजन्सीच्या कर्जात असतात, राहण्याचा आणि फोटोंचा खर्च पुढच्या कमाईतून कापला जातो. अनेकींनी गोपनीयतेच्या करारावर सह्या केलेल्या असतात, म्हणजे तुमच्याशी बोलणं हाच करारभंग ठरू शकतो. न्यूयॉर्क राज्यात फॅशन वर्कर्स ॲक्टवर २०२४ च्या अखेरीस सही झाली आणि २०२५ मध्ये तो लागू झाला. एजन्सीने मॉडेलचं हित आधी पाहायचं, हे बंधन तिथे आता कायद्याने आलं. अशी तरतूद नसलेल्या ठिकाणी मुलाखतीआधी एखाद्या वकिलाकडून तो करार वाचून घेण्याचा खर्च तुम्ही उचललात तर उत्तमच.

प्रश्न कसे विचारायचे, यावर खूप लिहिता येईल. मी एवढंच सांगेन की अनुभवाला आधीच नाव देऊन विचारू नका, घडलेलं विचारा. 'तुमचं शोषण होतं का?' याला बाई 'नाही हो, चांगलं आहे' म्हणते आणि विषय मिटतो. 'काल टार्गेट अपुरं राहिलं तेव्हा सुपरवायझर काय बोलला? नेमके शब्द काय होते?' याला ती शब्द सांगते. 'पाणी किती वेळा पिता?' हा प्रश्न साधा दिसतो, पण टॉयलेटला जाऊ देत नाहीत म्हणून पाणीच न पिणाऱ्या बायका त्यातून कळतात, आणि मग मूत्रमार्गाच्या त्रासाची गोष्ट आपसूक येते. पगाराची पावती असेल तर दोघींनी मिळून ओळ न् ओळ वाचा. मूळ पगार, ओव्हरटाइमचे तास, कापलेली रक्कम. पुष्कळदा ती स्वतःच पहिल्यांदा नीट वाचत असते आणि तिथेच थबकते: 'एवढेच तास लिहिलेत?' त्या क्षणी पेन खाली ठेवा आणि तिला हिशेब करू द्या. मुलाखतीतून तिला लगेच काही मिळावं असं वाटत असेल तर ते हे आहे.

लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी शरीराचा नकाशा ही पद्धत फार कामाची. मोठ्या कागदावर माणसाच्या शरीराची बाह्यरेषा काढायची, पुढून आणि मागून, आणि जिथे दुखतं तिथे टिकल्या लावायला सांगायचं. दहा-बारा जणींनी लावून झाल्या की मान, खांदे आणि उजवं मनगट टिकल्यांनी भरून जातं, आणि मग त्या आपसांत बोलू लागतात की ओव्हरलॉकवाल्यांचं, म्हणजे कापडाच्या कडा शिवणाऱ्यांचं, दुखणं कुठलं आणि उभ्याने तपासणी करणाऱ्यांचं कुठलं. हे कामगारांच्या आरोग्याच्या क्षेत्रात जुनं आहे, तुम्हाला नव्याने शोधायची गरज नाही. वेतन आणि तास यांसाठी एकाच मुलाखतीवर विसंबू नका, महिन्यापूर्वीचा ओव्हरटाइम कुणालाच आठवत नाही. गारमेंट वर्कर डायरीज या प्रकल्पात बांगलादेश, भारत आणि कंबोडियातल्या सुमारे ५४० कामगार बायकांना वर्षभर दर आठवड्याला भेटून कमाई, खर्च आणि तास टिपले गेले. तेवढा आवाका तुमच्याकडे नसेल, पण आठ-दहा जणींची दोन महिन्यांची साप्ताहिक नोंद तुम्हालाही जमेल. कामगारांच्या हाती कॅमेरा देऊन फोटो काढायला लावण्याची पद्धत १९९० च्या दशकात पुढे आली आणि ती आकर्षकही आहे. शिलाई कारखान्यात मात्र मी ती टाळते. आत फोन न्यायला बंदी असते आणि पकडली गेली तर नोकरी तिची जाते.

दुभाषी निवडताना भाषेइतकंच नातं बघा. त्याच वस्तीतला हुशार पोरगा मिळाला म्हणून खूश होऊ नका, त्याच्या मामाचा शिलाईचा ठेका असू शकतो. वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीतला किंवा दुसऱ्या धर्माचा दुभाषी समोर असला की कोणत्या गोष्टी बोलल्या जात नाहीत, हे आधी एक-दोघींना वेगळं विचारून घ्या. लैंगिक छळाबद्दल बोलायचं तर बाईच हवी. ती बाई रोज हेच ऐकून घरी जाते, हेही ध्यानात ठेवा आणि तिच्या सुट्ट्या ठरवून द्या. तुमच्याही.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली, हा समज सगळ्यात घातक. समजा तुम्ही लिहिलंत: 'चाळिशीतली, डावखुरी, कॉलर लावणारी, बाळंतपणानंतर मागच्या वर्षी परत आलेली.' जगातल्या कुणालाही ती ओळखू येणार नाही, फक्त तिच्या सुपरवायझरला येईल, आणि धोका त्याच्याकडूनच आहे. म्हणून मसुदा वाचताना स्वतःला सुपरवायझरच्या जागी ठेवायचं आणि प्रत्येक तपशिलाला विचारायचं की याने उमेदवार किती उरतात. पाचापेक्षा कमी उरत असतील तर काहीतरी काढा, वयाचा पट्टा मोठा करा किंवा दोन प्रसंग दोन वेगळ्या टोपणनावांखाली ठेवा. खोटा तपशील घालू नका, गाळा. तिच्या तोंडची खास लकब किंवा म्हणही ओळख फोडते. टोपणनाव तिलाच निवडू द्या, पण घरातलं लाडाचं नाव सुचवत असेल तर अडवा. आणि कुणी म्हणालं की 'माझं खरंच नाव लिहा, मी घाबरत नाही', तर तो तिचा हक्क आहे. फक्त तिच्या नावावरून तिच्या मैत्रिणी ओळखू येणार असतील तर ते तिला दाखवून द्या आणि मग तिला ठरवू द्या.

फोनबद्दल थोडक्यात. कामगारांचे नंबर कारखान्याच्या नावासकट सेव्ह करू नका. व्हॉट्सॲप ग्रुप बनवू नका, त्यात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. फोटो आणि रेकॉर्डिंग आपोआप क्लाउडवर चढणं बंद करा. आवाजाचा मजकूर करून देणारी ॲप सोयीची असतात, पण ध्वनिफीत कुणाच्या सर्व्हरवर जाते ते वाचल्याशिवाय वापरू नका. संघटनेचं सभासदत्व ही युरोपच्या जीडीपीआर या खासगी माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात आरोग्य आणि धर्म यांच्याच रांगेतली विशेष संवेदनशील माहिती मानली जाते. कायदा लागू असो वा नसो, ती तशीच हाताळा. आणि 'कुणालाही कधीच कळणार नाही' असं वचन देऊ नका. अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजने उत्तर आयर्लंडच्या संघर्षातल्या लोकांच्या मुलाखती त्यांच्या हयातीत उघड होणार नाहीत, या भरवशावर रेकॉर्ड केल्या होत्या. २०११ मध्ये समन्स आलं आणि पुढे त्यातल्या काही पोलिसांच्या हाती गेल्या. जे जवळ ठेवलंच नाही ते कोर्टही मागू शकत नाही. लिहून झाल्यावर ध्वनिफिती पुसायची तारीख आधीच ठरवा.

आता तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न: गंभीर काही कळलं तर? बाहेर पडायचे दरवाजे कुलूपबंद असतील तर प्रबंधाची वाट बघायची नाही. न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्यात १९११ साली १४६ जण मेले आणि ढाक्याजवळच्या ताझरीनमध्ये २०१२ साली ११० हून अधिक, दोन्हीकडे बंद दारांनी वाट अडवली होती. अशी माहिती त्याच आठवड्यात कुणाकडे द्यायची, संघटना, अग्निशमन, कामगार खातं की ब्रँडची तक्रार यंत्रणा, हे स्थानिक माणसांना विचारून अभ्यास सुरू व्हायच्या आधीच लिहून ठेवा. संमती घेतानाही सांगा की जिवावरचा धोका कळला तर मी तुमचं नाव न घेता तो कळवीन.

बाकी बाबतींत घाई करू नका, कारण चांगल्या हेतूने केलेल्या गोष्टीही उलटतात. बालमजुरांनी बनवलेल्या मालाची आयात रोखणारं एक विधेयक १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या संसदेत आलं. ते संमत झालंच नाही. पण नुसत्या धास्तीने बांगलादेशातल्या कपडा कारखानदारांनी हजारो मुलांना एका झटक्यात बाहेर काढलं, आणि युनिसेफने पुढे नोंदवलं की त्यातली अनेक मुलं खडी फोडण्यासारख्या जास्त धोक्याच्या आणि कमी पैशाच्या कामांत गेली. १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांचा करार झाला आणि मुलांना शाळा व विद्यावेतन देण्याची सोय झाली, पण बाहेर काढलेल्यांतली पुष्कळ मुलं तोवर कुठे गेली ते सापडलं नाही. तुम्ही कारखान्याचं नाव छापलंत आणि ब्रँडने ऑर्डर दुसरीकडे हलवली, तर तुमच्याशी बोललेल्या आणि न बोललेल्या सगळ्यांच्याच नोकऱ्या जातात. म्हणून नाव छापायचं की नाही हे तिथल्या कामगारांना विचारल्याशिवाय ठरवायचं नाही.

छळाच्या बाबतीत तर बोलणारीची मर्जी शेवटची. मदत कुठे मिळते त्याची खातरजमा केलेली माहिती जवळ ठेवा. ती तोंडी सांगा, कारण तशा विषयाचा कागद तिच्या पिशवीत सापडणंही धोक्याचं. तमिळनाडूत एका तरुण दलित कामगार स्त्रीच्या खुनानंतर २०२२ मध्ये कारखान्यातला छळ रोखण्यासाठी दिंडीगल करार झाला. त्यात कामगार बायकांनाच प्रशिक्षण देऊन कारखान्यात लक्ष ठेवणाऱ्या प्रतिनिधी म्हणून नेमलं गेलं. तक्रार ऐकणारी बाई त्याच मजल्यावरची असली की काय फरक पडतो, हे अभ्यासायला तो करार चांगला आहे. तुमच्या आराखड्यातही दोन-तीन कामगारांना पगारी सहसंशोधक म्हणून घ्यायला वाव आहे. प्रश्नावलीचा मसुदा त्यांच्यापुढे टाका. त्या निम्मे प्रश्न खोडतील, आणि उरलेल्यांचा क्रम बदलतील.

निष्कर्ष परत नेण्यासाठी वेळापत्रकात जागा ठेवा. प्रबंध कुणी वाचणार नाही. त्यांच्या भाषेतली पाच-सात मिनिटांची ध्वनिफीत, एक पान चित्रांचं, आणि सुट्टीच्या दिवशी एक बैठक, एवढं पुरतं. अंतिम मसुद्याआधी जा, नंतर नको, म्हणजे चूक सापडली तर दुरुस्त करता येते. ज्यांचे शब्द जसेच्या तसे वापरताय त्यांना ते वाचून दाखवा आणि नको म्हणाल्या तर काढा. वेतनवाढीची बोलणी चालू असतील किंवा कारखान्यात माणसं कमी करण्याची हवा असेल तर छापण्याची तारीख पुढे ढकला. मार्गदर्शक कुरकुर करतील. त्यांना ही अट आजच सांगून ठेवा, आणि निधी एखाद्या ब्रँडचा असेल तर करारात दोन वाक्यं आधीच घालून घ्या: काय आणि केव्हा छापायचं ते संशोधक ठरवेल, आणि कच्ची माहिती निधी देणाऱ्याला मिळणार नाही.